सातासमुद्रापारची सालदारी

१९४५ साली अमळनेरात वनस्पती तेलाचा एक कारखाना निघाला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचं नाव. हीच कंपनी पुढे विप्रो झाली, तेलातुपाकडून संगणकाकडे वळली आणि आपल्या अभियंत्यांना देशोदेशी पाठवू लागली. आजोबांनी घेऊन ठेवलेल्या शेअरवर नातवंडांची शिक्षणं झाली, अशी घरं अमळनेरात आजही आहेत. जळगावच्या जैन इरिगेशननं २००७ मध्ये इस्रायलमधल्या नानदान कंपनीत निम्मी भागीदारी घेतली आणि २०१२ मध्ये ती कंपनी पूर्ण ताब्यात घेतली. तेव्हा बहुराष्ट्रीय कंपनी म्हणजे काय, हे खान्देशाला कुणी नव्यानं शिकवायला नको. कंपनी कशी वाढते ते आम्ही जवळून पाहिलं आहे. पण त्या कंपनीतल्या माणसाची परदेशी बदली होते तेव्हा त्याच्या पदरात नेमकं काय पडतं, हे आम्ही कधी नीट बघितलेलं नाही.

इथे मी बोलतो आहे ते फक्त या बदलीविषयी. स्वतः अर्ज करून, मुलाखती देऊन परदेशात नोकरी मिळवणं ही वेगळी वाट आहे. बदलीत माणूस इथल्या कंपनीत आधीच नोकरीला असतो आणि कंपनी त्याला आपल्याच परदेशातल्या शाखेत पाठवते. व्हिसा कंपनीच्या नावानं, विमानाचं तिकीट कंपनीचं, कामाची जागा कंपनी ठरवणार आणि परत कधी यायचं तेही कंपनीच सांगणार.

वसंतदादा पाटलांच्या सरकारनं १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि खान्देशात बांभोरी, फैजपूर, धुळ्याला कॉलेजं उभी राहिली. पुढे शिरपूरला झालं, जळगावला सरकारी झालं. केळी आणि कापसाच्या पैशावर शिकलेली एक अख्खी पिढी या कॉलेजांतून पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना कंपनीनं पुढे अमेरिकेत, जर्मनीत, इंग्लंडात पाठवलं. मीही याच भागात अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवलं आहे. यावल-रावेरकडच्या एखाद्या मुलाचा ‘सर, ऑनसाइट मिळालं’ असा फोन येतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो. त्या आनंदाला गालबोट लावायला मी हे लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही बदली आज पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे आणि त्यातला काही भाग तरी माणसाच्या हातात आला पाहिजे. तिथल्या सहकाऱ्याइतका पगार, मालक बदलायची मोकळीक आणि पगारातून कापल्या गेलेल्या पैशाचा हिशेब हे त्याला मिळायला हवं. आपलं सरकार परदेशांशी बोलणी करताना व्हिसांचा आकडा वाढवून मागतं. त्याच्या आधी त्यानं हे मागावं.

अमेरिकेचंच उदाहरण घेऊ, कारण आपली सर्वांत जास्त मुलं तिकडेच बघतात. कंपनीअंतर्गत बदलीसाठी तिथे एल-१ नावाचा व्हिसा आहे. तो १९७० मध्ये कायद्यात आला. मोठ्या कंपन्यांना आपले व्यवस्थापक आणि जाणते लोक एका देशातून दुसऱ्या देशात नेता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग त्या कंपनीत बाहेरच्या देशात काम केलेलं असलं की माणूस पात्र ठरतो. व्यवस्थापकांसाठी एल-१ए, त्याची कमाल मुदत सात वर्षं. कंपनीच्या कामाचं खास ज्ञान असलेल्यांसाठी एल-१बी, त्याची मुदत पाच वर्षं. एच-१बी या कुशल परदेशी कामगारांच्या नेहमीच्या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे, त्यासाठी सोडत निघते. एल-१ला संख्येची मर्यादा नाही आणि सोडतही नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा आपल्याकडे घराघरांत चर्चा झाली. ते शुल्क एल-१ला लागू नाही. भारतात परदेशी कंपन्यांची सतराशेहून जास्त स्वतःची केंद्रं आहेत आणि पुण्यात ती जागोजागी दिसतात. अशा केंद्रात वर्षभर काम केलेला व्यवस्थापक किंवा खास जाणकार एल-१साठी पात्र ठरू शकतो. एक दार महाग झालं की गर्दी शेजारच्या दाराकडे वळते. त्यामुळे येत्या काळात आपल्या मुलांच्या हातात बदलीची पत्रं जास्त पडतील असं मला वाटतं, आणि म्हणूनच हा विषय आत्ता बोलायचा आहे.

या दारातून आत गेलेल्या माणसाला मालक बदलता येत नाही. एच-१बीवरचा माणूस दुसऱ्या कंपनीनं अर्ज भरला की तिकडे जाऊ शकतो, २००० सालच्या कायद्यानं त्याला ती मुभा दिली. एल-१वरच्याला ती नाही. दुसऱ्या कंपनीत जायचं तर त्याला एच-१बीच्या सोडतीत उतरावं लागतं. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात घराचा करार, मुलांची शाळा, गाडीचं कर्ज सगळं आवरून देश सोडायचा.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं. उचल घेतली की वर्षभर एकाच मालकाच्या शेतात राबायचं. शेजारच्या मळ्यात जास्त मजुरी असली तरी उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. अभियंत्याचा पगार सालदाराच्या कैक पट असतो, त्याचं घर पक्कं असतं आणि त्याच्या मुलांना कुणी शाळेतून काढून गुरांमागे पाठवत नाही. सालदाराचं दुःख उसनं घेऊन अभियंत्याच्या अंगावर घालण्याचा माझा हेतू नाही, तो सालदाराचाच अपमान होईल. मी फक्त बांधणी दाखवतो आहे. ज्याच्या हातून खायचं त्याच्याच दारात राहायचं, अशी ही बांधणी आहे. आणि एका बाबतीत तर सालदार मोकळा आहे. पुढच्या आखाजीला तो दुसरं शेत धरू शकतो. एल-१बीवरच्या माणसाला तिथे राहून पाच वर्षं ती सोय नाही.

बांधलेला माणूस भाव करू शकत नाही. रात्री भारतातल्या गटाशी बैठक आणि सकाळी तिथल्या ग्राहकाशी बैठक असा दिवस त्याच्या वाट्याला आला, तरी तो तक्रार करत नाही. वडिलांची बायपास आहे, यावं लागेल, हे सांगायलाही तो दोन दिवस घेतो, कारण प्रकल्पाची तारीख तोंडावर असते. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमतात, त्यात त्याच्या नावाचं पान रिकामं राहणार हे घरच्यांनी कधीच धरून ठेवलेलं असतं. सुट्टी सगळ्याच नोकऱ्यांत मागावी लागते, हे खरं. पण ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याचं मागणं आणि ज्याला जाता येत नाही त्याचं मागणं, या दोन्हींकडे साहेब एकाच नजरेनं बघत नाही.

पगाराचं तर याहून गंभीर आहे. एच-१बीच्या माणसाला त्या भागातल्या प्रचलित दरापेक्षा कमी पगार देता येत नाही, तसं कंपनीला आधी लिहून द्यावं लागतं. एल-१ला ही अटच नाही. किमान वेतनाचा कायदा तेवढा लागू. त्यामुळे काही कंपन्या माणसाचा भारतातला पगार भारतातल्या खात्यात चालू ठेवतात आणि तिथल्या खर्चासाठी वर भत्ता देतात. एकूण रक्कम रुपयांत मोजली की डोळे दिपतात. पण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी धरली जाते ती भारतातल्या मूळ पगारावर, आणि परत आल्या दिवशी भत्ता बंद होतो. शेजारच्या खुर्चीवरचा अमेरिकन तेच काम करून किती घेतो, हे या माणसाला माहीत असतं. त्याबद्दल विचारायचं मात्र त्याला बळ नसतं.

हे कुठवर जाऊ शकतं याची नोंद अमेरिकेच्याच श्रम खात्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका कंपनीनं बंगळुरूच्या शाखेतून आठ माणसं संगणक बसवायला नेली. कधी कधी आठवड्याला १२० तासांच्या वर त्यांना राबवलं आणि पगार दिला भारतातला, रुपयांत. तो तासाला १ डॉलर २१ सेंट पडला. २०१४ मध्ये श्रम खात्यानं कंपनीला ४०,००० डॉलरहून जास्त थकबाकी द्यायला लावली. ती माणसं अडाणी नव्हती, तंत्रज्ञ होती. आपल्याला भारतात मिळतो तोच पगार मिळतो आहे, यात वावगं काही आहे असं त्यांना कुणी सांगितलं असण्याची शक्यता कमीच.

अशी टोकाची उदाहरणं विरळ असतात, हे मान्य. पण नियमात भोक आहे म्हणूनच ती घडू शकतात. आणि हे भोक बुजवता येतं याचे दाखले आहेत. युरोपीय संघानं २०१४ मध्ये कंपनीअंतर्गत बदलीसाठी एक निर्देश काढला. बदलीवर आलेल्या माणसाला त्याच पदावरच्या स्थानिक माणसापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जपानच्या नियमातही अशा माणसाचा पगार जपानी माणसाइतका किंवा जास्त असला पाहिजे अशी अट आहे. म्हणून काही जर्मनीतल्या आणि जपानमधल्या कंपन्या बुडाल्या नाहीत आणि त्यांनी माणसं बोलवायचीही थांबवली नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. अमेरिकेतले संगणक क्षेत्रातले कामगार अनेक वर्षं ओरडत आहेत की या व्हिसावर स्वस्तात माणसं आणून आमच्या नोकऱ्या घेतल्या जातात. त्यातल्या काहींच्या बोलण्यात आपल्याविषयी उघड द्वेष असतो. तो सहन करण्याची काही गरज नाही, त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं. पण त्या ओरडण्यातला पगाराचा मुद्दा वेगळा काढून पाहिला तर तो चोपड्याच्या मुलाच्या विरोधातला नाही. भारतीय माणसालाही तितकाच पगार देणं सक्तीचं झालं, तर त्याला स्वस्त म्हणून कुणी नेणार नाही. जो नेईल तो त्याच्या कसबासाठी नेईल. अमेरिकन कामगाराचा धाक जाईल आणि आपल्या माणसाला पूर्ण मोल मिळेल. या एका मुद्द्यावर दोघांचं हित एकच आहे. आपले उद्योगसंघ आणि सरकार मात्र अशा प्रत्येक सुधारणेकडे भारतावरचा हल्ला म्हणून बघतात. २००४ मध्ये अमेरिकेनं कायदा बदलून एल-१बीवरच्या माणसाला दुसऱ्याच कंपनीच्या देखरेखीखाली मजुरासारखं बसवायला बंदी केली, तेव्हाही आपल्याकडे चिंता कंपन्यांच्या धंद्याची झाली. ज्याला बसवलं जात होतं त्याच्या बाजूनं त्या बदलाकडे फार थोड्यांनी पाहिलं.

समान पगारानं भारतीय माणूस महाग होईल आणि बदल्या कमी होतील, असं मला लगेच सांगितलं जाईल. होतीलही काही कमी. ज्या बदल्या केवळ स्वस्ताईसाठी होत्या त्या जातील, आणि त्या गेल्याचं मला दुःख नाही. खान्देशच्या मुलांच्या हातात खरं कौशल्य आहे, त्यांना स्वस्त म्हणून विकलं जाणं हा त्या कौशल्याचा अवमान आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ‘कसंही करून एकदा बाहेर पडू’ असं म्हणण्याची वेळ होती. आता ती राहिलेली नाही.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो कापल्या जाणाऱ्या पैशाचा, आणि याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणीच बोलत नाही. अमेरिकेत प्रत्येक पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअर या म्हातारपणच्या आरोग्य विम्यासाठी १.४५ टक्के कापले जातात. कंपनीही तितकेच भरते. या वर्गणीतून म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळतं, पण त्यासाठी चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं वर्गणी भरलेली असावी लागते. एल-१बीची कमाल मुदत पाच वर्षं, एल-१एची सात. एच-१बीचीही मूळ मुदत सहाच. ज्याला दुसऱ्या मार्गानं तिथे आणखी राहता येत नाही, त्याच्यापुरता हा नियम असा होतो की वर्गणी घ्यायची, आणि हक्क मिळण्याआधी माणसाला परत पाठवायचं.

हिशेब करून बघा. वर्षाला ८०,००० डॉलर पगार धरला तर ६.२ टक्क्यांनी ४,९६० डॉलर होतात. पाच वर्षांत २४,८००. कंपनीचे तितकेच मिळवले तर ४९,६०० डॉलर. हे एका माणसाचे. तो परत येऊन जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा पुण्यात वाकडला राहायला लागतो, आणि त्या पैशातला एक डॉलरही त्याच्या म्हातारपणाला येत नाही. त्याच वर्षांत त्यानं भारतात निवृत्तीसाठी किती साठवलं असतं हा विचार केला की नुकसान दुहेरी आहे हे कळतं.

यावर उपाय आहे आणि तो अनेक देशांशी आपण केलेलाही आहे. दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार असला की थोड्या वर्षांसाठी गेलेल्या माणसाला एकाच देशात वर्गणी भरावी लागते. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, जपान, कॅनडा अशा बऱ्याच देशांशी आहेत. आपलं भविष्य निर्वाह निधी कार्यालय एक प्रमाणपत्र देतं, ते तिथे दाखवलं की तिथली कपात होत नाही. ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापार करार झाला त्यासोबत हेही ठरलं की बदलीवर गेलेल्या भारतीयाला तीन वर्षांपर्यंत तिथली वर्गणी भरावी लागू नये. ब्रिटनच्या बाबतीत जे जमलं ते अमेरिकेच्या बाबतीत वर्षानुवर्षं अडलं आहे. भारताची योजना सगळ्या कष्टकऱ्यांना लागू नाही म्हणून ती आमच्या कायद्यात बसत नाही, असा अमेरिकेचा मुख्य आक्षेप आहे. या आक्षेपात थोडं तथ्य आहे, आणि ते आपल्याच शेतमजुरांना आणि हमालांना आपण वाऱ्यावर सोडल्याची आठवण करून देणारं आहे. पण तेवढ्यानं आपल्या माणसांनी घाम गाळून भरलेली वर्गणी तिकडेच राहावी हे न्याय्य होत नाही. करार होत नसेल तर निदान कायमचं परत येणाऱ्याला त्याची स्वतःची वर्गणी परत मिळावी, ही मागणी तरी लावून धरायला हवी. जर्मनीत साठ महिन्यांपेक्षा कमी वर्गणी भरून देश सोडलेल्या भारतीयासारख्या परदेशी माणसाला, दोन वर्षं थांबून, आपला वाटा परत मागता येतो. यात अशक्य असं काही नाही.

आता इकडच्या कागदांकडे वळतो. जुने विद्यार्थी कधी कधी बदलीचं पत्र घेऊन माझ्याकडे येतात. त्यात निघायची तारीख असते, शहर असतं, रोजचा भत्ता असतो. प्रकल्प मध्येच संपला तर काय, बायकोमुलांच्या परतीचं भाडं कोण देणार, मूळ पगार कुठे आणि कोणत्या चलनात धरला जाणार, याबद्दल पत्र गप्प असतं. आणि त्याच्यासोबत बाँड असतो. परत आल्यावर अमुक महिने याच कंपनीत राहीन, नाही तर इतके लाख भरीन. काही ठिकाणी जामीनदार लागतो. मी एका शेतकरी बापाला मुलाच्या अशा बाँडवर सही करताना पाहिलं आहे. केळीच्या व्यापाऱ्याची पट्टी तो काटा, भाव, हमाली सगळं दोनदा तपासून घेतो. हा कागद त्यानं वाचलाही नाही, कारण मुलगा अमेरिकेला चालला होता आणि अशा वेळी शंका काढणं त्याला अशुभ वाटत होतं.

बाँडविषयी गावात दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, सही केलीस आता सुटका नाही. दुसरा म्हणतो, त्या कागदाला कोर्टात किंमत नाही. दोन्ही चुकीचे आहेत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाला काम-धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्द ठरवतं. कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम कितीही लिहिलेली असो, मिळेल ती वाजवी भरपाई, तीही लिहिलेल्या रकमेच्या आतच. दुसरीकडे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध मानली. म्हणजे नोकरी चालू असतानाच्या मुदतीचा वाजवी बाँड टिकू शकतो. कंपनीनं व्हिसावर, प्रशिक्षणावर खरोखर केलेला खर्च ठरावीक मुदतीत वसूल करणं मला गैर वाटत नाही. पण तो खर्च पत्रात रुपयांत मांडलेला असावा, दर महिन्याला कमी होत जावा, आणि कंपनीनंच माणसाला काढलं तर तो शून्य व्हावा. जामीनदार म्हणून आईबापाची सही घेण्यावर तर सरळ बंदीच हवी. तिथे खर्चाची वसुली संपते आणि धाक सुरू होतो.

या व्हिसाच्या बाजूनंही एक मोठी गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. एल-१वरच्या माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला अमेरिकेत काम करता येतं, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी वेगळा परवानाही काढावा लागत नाही. एच-१बीवाल्यांच्या बायकांना ही सोय सरसकट नाही, ग्रीन कार्डाच्या रांगेत एका टप्प्यापर्यंत पोचलेल्यांनाच ती मिळते. आज खान्देशातल्या लग्नांत सूनही पुष्कळदा अभियंता किंवा पदव्युत्तर असते. तिकडे गेल्यावर तिचं शिक्षण स्वयंपाकघरात अडकून पडणं आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहणं, यातला फरक एका व्हिसाच्या प्रकारानं पडतो. ज्यांनी एच-१बीवरच्या घरांत शिकलेल्या मुलींना वर्षानुवर्षं रिकामं बसून खचताना पाहिलं आहे, त्यांना या सोयीची किंमत कळेल. म्हणून एल-१ बंद करा असं म्हणणाऱ्यांच्या मी बाजूनं नाही. जे कायदे सहचारिणीला मोकळं ठेवू शकतात, ते मूळ माणसालाही ठेवू शकतात.

‘नसेल पटत तर जाऊ नये’ असं म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यात बदलीवर जाऊन आलेलेही आहेत. आम्ही सोसलं, घर झालं, बहिणींची लग्नं झाली, मग तक्रार कसली, असा त्यांचा सूर असतो. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण फायदा झाला म्हणून सौदा वाजवी होता असं ठरत नाही. नाही म्हणण्याचं स्वातंत्र्यही कागदावरचं आहे. नकार दिलेल्याचं नाव पुढच्या बढतीत मागे पडतं, हे कंपनीत काम केलेल्या कुणालाही विचारा. आणि लहान मूल असलेल्या मुलीला तर कित्येकदा विचारलंच जात नाही, तिचा नकार गृहीत धरला जातो.

सरकारची या सगळ्यातली भूमिका समजून घ्यायची तर व्यापार करारांची भाषा बघावी लागेल. १९९५ मध्ये लागू झालेल्या सेवा व्यापाराच्या जागतिक करारात सेवा पुरवण्याचे चार प्रकार आहेत. माणूस स्वतः जाऊन सेवा देतो तो चौथा. कंपनीअंतर्गत बदलीची माणसं त्यात येतात. कायमचं राहणं, तिथल्या रोजगाराच्या बाजारात उतरणं, या गोष्टी त्या कराराच्या बाहेर ठेवल्या आहेत. भारत या चौथ्या प्रकारासाठी जोर लावतो, आणि बोलणी असते ती किती माणसं, किती वर्षं एवढीच. त्या माणसाला मालक बदलता येईल का, हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही, कारण तिथे तो कामगार म्हणून बसलेलाच नसतो. तो कंपनीच्या सेवेचा भाग असतो.

देशातला कायदाही त्याला ओळखत नाही. आपला परदेशगमनाचा कायदा १९८३ चा. आखातासारख्या अठरा देशांत जाणाऱ्या, दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगाराला त्यात संरक्षण आहे. त्याचा करार तपासला जातो, त्याचा विमा उतरवावा लागतो. दहावी पास झालेला माणूस त्यातून सुटतो. शिकलेला स्वतःची काळजी स्वतः घेईल, असा त्यामागचा विश्वास. १९८३ मध्ये तो कदाचित चालला असेल. हा कायदा बदलायचे मसुदे अधूनमधून निघतात. नवा कायदा होईल तेव्हा बदलीवर जाणाऱ्यालाही त्यात जागा हवी. परवानगीसाठी खेटे घालायला लावणारा कायदा नको, त्यानं मुलांची वाट अडेल. कंपनीनं बदलीच्या अटींची पूर्ण प्रत माणसाला निघण्याच्या महिनाभर आधी द्यावी आणि एक प्रत सरकारी संकेतस्थळावर नोंदवावी, एवढं पुरे आहे.

महाविद्यालयांनाही यात करण्यासारखं आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात शिकणाऱ्या मुलामुलींना मुलाखतीत हस्तांदोलन कसं करायचं ते शिकवलं जातं. नियुक्तिपत्र, बाँड आणि व्हिसाचे प्रकार वाचायला शेवटच्या वर्षी चार तास दिले तर अभ्यासक्रमाचं काही बिघडणार नाही. जळगाव-धुळ्याच्या न्यायालयांत करार कायदा जाणणारे वकील आहेत, बोलावलं तर ते आनंदानं येतील. कॉलेजच्या भिंतीवर पॅकेजचे आकडे लागतात, तिथे अशी एक सूचनाही लावता येईल की माजी विद्यार्थ्यांना बदलीचं पत्र वाचून घ्यायचं असेल तर अमुक दिवशी या. पाट्या लावायला कॉलेजं तत्पर असतात, ही पाटी मात्र मला अजून कुठे दिसलेली नाही.

खान्देशातून लोकसभेत चार खासदार जातात, जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारचे. केळीच्या विम्यावर, कापसाच्या भावावर ते बोलतात आणि त्यांनी बोललंच पाहिजे. आता त्या शेतकऱ्यांचीच मुलं बदलीवर परदेशात आहेत. अतारांकित प्रश्नाला सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत कंपनीअंतर्गत बदलीवर गेलेले भारतीय किती, त्यांच्याकडून गेल्या दहा वर्षांत सामाजिक सुरक्षेची किती वर्गणी कापली गेली, ती परत मिळवण्यासाठी किती वेळा आणि कोणत्या पातळीवर बोलणी झाली, आणि व्यापाराच्या चालू वाटाघाटींत मालक बदलण्याचा हक्क भारतानं मागितला आहे का? येत्या अधिवेशनात चौघांपैकी एकानं तरी हा प्रश्न लावावा किंवा दुसऱ्या सदस्याकडून लावून घ्यावा. त्यासाठी त्यांच्या कार्यालयात आपण पत्रं पाठवायला हवीत, आणि त्या पत्रांवर बदलीवर गेलेल्यांच्या आईवडिलांच्या सह्या असायला हव्यात.